साठाव्या वर्षी पहिला बाक

मु. पो. किकवी, ता. भोर
गुरुवार, कॉलेजातून आल्यावर

तीर्थरूप कुंडलिकदादांस,

धाकटी बहीण सुलक्षणा हिचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. (कंबरेनं महिन्यापासून असहकार पुकारलाय, तवा डोकं पायापर्यंत पोचलं असं तुमीच समजून घ्यावं.) तुमचा गुडघा कसा आहे? तेल चोळता का बाटली खिडकीत ठेवून नुसतं तिच्याकडं बघता? साखर तपासली का? वहिनींचा खोकला, गाभण म्हैस, ओढ्याकडचं भाताचं वावर, सगळं ठीक असंल असं धरून चालते. आमच्याकडंही सगळे मजेत. आमचे हे सकाळ-संध्याकाळ हायवेच्या कडेच्या टपरीवर बसून देशाचा कारभार बघतात आणि घरी येऊन मला विचारतात, आज कॉलेजात काय दिवे लावले?

पत्र कशाला, फोन का न्हाई केला, असं तुमी म्हणाल. फोनवर तुमी "हां, हां, बोल" म्हणता आणि नजर वैरणीकडं असते, हे मला हितं बसून दिसतं. शिवाय प्रकरण पहिल्यापासून सांगितल्याशिवाय कळायचं न्हाई. प्रकरण असं, की येत्या शनिवारी कॉलेजाच्या पटावर माझं नाव राहतंय का कटतंय, ते ठरणार आहे. व्हय दादा, कटायची वेळ आलीय. छत्तीस वर्षं अंगणवाडी चालवली, एका पोराचं नाव पटावरून कमी होऊ दिलं न्हाई, आणि आता साठीत माझंच कमी करायला निघालेत. ह्यात माझी चूक किती म्हणाल, तर मोहरीएवढी. बाकी सगळा दोष ह्या अठरा वर्षांच्या शहाण्यांचा.

तुमाला ठाऊक आहे, सतरा नंबरचा फॉर्म भरून मी बारावी काढली, तवा तुमी म्हणाला होता, बास झालं आता, नातवंडं सांभाळ. मी ऐकलं न्हाई. दादा, छत्तीस वर्षं माझ्या रजिस्टरावर शेरे मारायला ज्या पर्यवेक्षिका आल्या, त्या सगळ्या पदवीधर. एकीला खिचडीत डाळ आधी का तांदूळ आधी ते ठाऊक न्हवतं, एकीनं रडणाऱ्या पोराला इंग्रजीत गप्प केलं (ते आणखी रडलं), पण शेरा मारायचा अधिकार त्यांना, कारण नावापुढं बी. ए. तवाच मनाशी म्हटलं होतं, हे बी. ए. म्हणजे काय असतं ते मरायच्या आधी आत जाऊन बघायचं. आता आत जाऊन बघितलं. माझ्या अंगणवाडीतली तीन वर्षांची पोरं ह्यांच्यापेक्षा जास्त शिकलेली होती.

पहिल्या दिवशी तास साडेसातचा. मी सात वीसला हजर, तर वर्गाला कुलूप. शिपायानं विचारलं, मावशी, झाडायला नवीन का? मी म्हणाले, विद्यार्थिनी, एफ. वाय. बी. ए. तो जिन्याच्या पायरीवर खालीच बसला. मग आठच्या सुमाराला एसटी आली आणि सगळी वरात एकदम वर्गात घुसली. आता गंमत बघा. हीच मंडळी एसटीत पुढची जागा मिळावी म्हणून खिडकीतून रुमाल टाकतात, दप्तर टाकतात, एकानं तर परवा चप्पल टाकली. वर्गात मात्र रुमाल पडतात ते शेवटच्या बाकांवर! माणूस यायच्या आधी रुमाल येतो, आणि माणूस कधी कधी येतच न्हाई, दिवसभर रुमालच शिकतो. पहिले चार बाक ओस. त्यातल्या पहिल्या बाकावर मधोमध मी एकटी, नऊवारीत, डोक्यावर पदर, समोर नवी वही.

शिकवायला कोण आलं असंल? आपला सम्राट. तुमाला आठवणार न्हाई, पण हा माझ्या अंगणवाडीतला. पहिले सहा महिने दाराची चौकट धरून उभा राहायचा, आत यायचा न्हाई आणि घरीही जायचा न्हाई. मी त्याला चौकटीतच खिचडी भरवली. आता अर्थशास्त्राचा प्राध्यापक आहे, तासिका तत्त्वावर, म्हणजे पुढल्या वर्षी बोलावतील का न्हाई ते कुणी सांगत न्हाई. मला बघितल्यावर त्याच्या हातातला खडूच पडला. तो म्हणाला, बाई, तुमी? मी म्हणाले, बस बाळा, घाबरू नको. सगळा वर्ग खदाखदा हसला. ह्यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं न्हाई.

त्या दिवशी सम्राटनं प्रोजेक्टरनं भिंतीवर चित्रं पाडून सगळं नीट सांगितलं. वर्गात कसं वागावं आणि अभ्यासाच्या सवयी कशा लावाव्यात. तासाच्या आधी पाच मिनिटं या. मोबाईल बंद ठेवा. वर्गात खाऊ नका. शेजाऱ्याशी बोलू नका. शंका असली तर हात वर करा आणि परवानगी मिळाल्यावर बोला. शिकवलेलं त्याच दिवशी वाचा. टिपणं आपल्या शब्दांत लिहा. किती छान सांगितलं लेकरानं! मी सगळं उतरवून घेतलं, खाली रेघ मारली. मागं वळून बघते तर एकाच्या हातात पेन असंल तर शपथ. सगळ्यांनी मोबाईल वर धरलेले, भिंतीचे फोटो काढतायत. मोबाईल बंद ठेवा, ह्या वाक्याचासुद्धा फोटो मोबाईलमध्ये! दादा, ह्यांचा अभ्यास हा असा. फळ्याचा फोटो काढला की धडा झाला. आणि फळ्यापुढं सम्राट उभा असतो, त्यामुळं निम्म्या फोटोत त्याची पाठच येते. उद्या परीक्षेत सरांच्या पाठीचं वर्णन करा असा प्रश्न आला, तर सगळा वर्ग विद्यापीठात पहिला येईल.

लिहिणारी एकच, तुमच्या भोंगवलीची शिवानी. (हे पत्र तिच्याच हाती पाठवतेय. पाकीट चिकटवलंय, तरी ती वाचणार, म्हणून तिच्या तोंडावर लिहिते.) ह्या बयेकडं सात रंगांची पेनं. धड्याचं नाव जांभळ्यानं, त्याला हिरव्या वेलीची महिरप, वेलीवर लाल फुलं, फुलावर एक फुलपाखरू. तोवर तास संपतो. पानावर धड्याचं नाव आणि बाग, खाली एक अक्षर न्हाई. तिची अंगणवाडी सेविका दुसरी होती, त्यामुळं ह्या सवयीची जबाबदारी माझ्यावर येत न्हाई, हे आधीच सांगून ठेवते.

गोरखची जबाबदारी मात्र माझ्यावर येते. गोरख किकवीचाच, आमच्या मागच्या आळीतला. लहानपणी वजनकाट्यावर बसवला की असा हात-पाय झाडायचा, की त्याचं खरं वजन शासनाला कधी कळलंच न्हाई. आता मागच्या बाकाचा सरदार झालाय. केस कपाळावर, मान वाकडी. त्याचा धंदा म्हणजे हजेरी. सम्राट नाव घेतो आणि गोरख एकटा पाच जणांची हजेरी लावतो, पाच आवाजांत! एक जाडा, एक चिरका, एक सर्दी झालेला, एक झोपेतून उठलेला, आणि एक त्याचा स्वतःचा. लोकांना फसवेल तो, मला न्हाई. ह्यांचं रडणं मी ऐकलंय, आवाज कुणाचा ते मला विचारा. तिसऱ्या दिवशी मी उभी राहिले आणि स्पष्ट सांगितलं, अमृत आलेला न्हाई, त्याला सर्दीही न्हाई, हा गोरख आहे. त्या दिवसापासून वर्गात माझ्याशी कुणी बोलेना. ही मंडळी शाळेपेक्षा एकमेकांना जास्त इमानदार. इतकं इमान पुस्तकाशी ठेवलं असतं तर?

आणखी एक प्रकार. ही पोरं सकाळी साडेसहाच्या एसटीनं निघतात, आईला उठवायचं न्हाई म्हणून उपाशी. (स्वतः चूल पेटवायची, तर ह्यांच्या हाताला कलंक लागतो.) नऊ वाजले की पोटात कावळे ओरडतात आणि मग लक्ष कुठलं. मागून वेफरच्या पुड्यांचा कुरकुर आवाज. खाऊ नका असा नियम असताना! मला तो आवाज सहन होईना. मग मी शेंगदाण्याचे लाडू नेऊ लागले, डबाभर. लाडवाचा आवाज होत न्हाई, त्यामुळं नियम मोडत न्हाई. खाल्ल्यावर मी फक्त एवढंच बघते, की हात पुसले का, नखं कापली का. गोरखच्या दंडाचा घेर मोजायला अंगणवाडीची पट्टीही नेली होती, पण ती पुरली न्हाई. आणि ह्यावर ही पोरं मला काय म्हणतात, तर बाई, तुमी आमाला लहान समजता. लहान समजत न्हाई रे बाबांनो, लहानांना मी मान देते.

आता सोमवारचं ऐका. दुसरा तास, मागणीचा नियम. सम्राटचा आवाज मुळातच बारीक. मागं कुणी गाणं लावलेलं, कुणी हसतंय, शिवानी फूल रंगवतेय, आणि हा बिचारा फळ्याला सांगतोय, कृपया शांतता राखा. फळा शांतच होता. दादा, मला त्याची दया आली. छत्तीस वर्षांची सवय, डोक्यानं विचार करायच्या आधी हातांनी दोन टाळ्या वाजवल्या आणि तोंडातून निघून गेलं, हाताची घडी, तोंडावर बोट!

आणि काय सांगू! बावन्न पोरं गप्प. बावन्न घड्या, बावन्न बोटं ओठावर. गाणं बंद. गोरखचंही बोट ओठावर, डोळे ताठ समोर. शिवानीनं जांभळं पेन तसंच टाकलं. तालुक्यातल्या कुठल्याही अंगणवाडीतलं पोर असो, हे एक अंगात मुरलेलं असतं, पुढं बारा वर्षांच्या शाळेनंही ते पुसत न्हाई. (शाळेनं दुसरंही काही केलेलं दिसत न्हाई.) मी समाधानानं पुढं वळले, तर आमचा सम्राट फळ्यापुढं उभा, एका हाताची घडी, दुसऱ्या हाताचं बोट ओठावर. त्याच बोटात खडू. मिशीवर पांढरी रेघ.

नेमके त्याच वेळी प्राचार्य व्हरांड्यातून निघालेले. दारात थबकले, आत आले, विचारलं, सर, काय चाललंय? सम्राट गप्प. पोरांना विचारलं, सगळी गप्प. आता ह्यात एक बारकावा आहे, तो प्राचार्यांना ठाऊक असायचं कारण न्हाई. अंगणवाडीत, हात मोकळे, असं बाईंनी म्हटल्याशिवाय घडी सुटत न्हाई. म्हणजे सोडवायची मीच. पण सम्राटच्या नियमात हात वर करून परवानगी मिळाल्याशिवाय बोलायचं न्हाई. मी नियम पाळणारी, मी हात वर केला. प्राचार्य माझ्याकडं बघतायत, मी हात वर करून त्यांच्याकडं बघतेय, बाकी बावन्न जण आणि एक प्राध्यापक बोट ओठावर ठेवून उभे-बसलेले. परवानगी काही मिळेना, माझा खांदा भरून आला. प्राचार्यांना वाटलं, आपल्याविरुद्ध मूक मोर्चा चाललाय. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल, आणि त्यांनी आवाज चढवून सम्राटला म्हटलं, असे वर्ग चालवणार असाल तर पुढल्या वर्षी विचार करावा लागंल.

मग मात्र मी परवानगीची वाट बघितली न्हाई. उठले आणि म्हणाले, साहेब, त्याला बोलू नका, हे मी सांगितलंय, तो माझ्याच हाताखालचा आहे, बाई म्हणाली की ऐकतो. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण तोंड सुटलं की सुटलं. बोलता बोलता मी प्राचार्यांनाही सांगून बसले, की मोठ्या माणसानं वर्गात आल्यावर खिशातून हात काढावेत, पोरं तेच शिकतात. त्यांनी काढले. काढले म्हणूनच जास्त चिडले, असं मला वाटतं. ही माझी मोहरीएवढी चूक.

केबिनमध्ये बोलावलं. शिस्तभंग म्हणाले, वर्गाचा ताबा घेतला म्हणाले, वयाचा मान ठेवतो पण नियम सगळ्यांना सारखा म्हणाले. हातात एक छापील कागद दिला. शनिवारी अकराच्या आत कागदावरची अट पुरी करा, न्हाईतर नाव कमी. अट काय ते लिहीत बसत न्हाई, किरकोळ आहे, मी बघून घेईन. तुमी काळजी करू नका. नाव गेलं तर मात्र मला लई लागंल, हे तुमच्यापासून लपवत न्हाई. पहिल्या बाकावर बसायला मी चाळीस वर्षांच्या वर थांबलेय आणि ह्या फोटोवाल्या, फुलंवाल्या, पाच आवाजांच्या टोळीसाठी मी तो सोडणार न्हाई.

असो. तुमच्याकडं काही मागायला हे पत्र लिहिलेलं न्हाई, नुसतं मन मोकळं करायला लिहिलं. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, म्हशीला चार घास जास्त. गुडघ्याला तेल लावा.

तुमची धाकटी बहीण,
सुलक्षणा
(एफ. वाय. बी. ए., हजेरी क्रमांक एकोणपन्नास, शनिवारपर्यंत तरी)

ता. क. एक. वर अट लिहिली न्हाई, ती लिहून टाकते. पालकांना घेऊन या, अशी आहे. हसू नका. मी हसले, तर प्राचार्य म्हणाले हा दुसरा शिस्तभंग. खिडकीवरचा क्लार्क म्हणाला, मावशी, नवरा चालंल. मी म्हणाले, न्हाई चालणार. (ह्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, कटू दे नाव, चार वाजता चहा तरी मिळंल.) पुण्याचा मुलगा म्हणाला, आई, मला रजा न्हाई आणि हे शोभतं का? गोरख मात्र आपणहून आला. म्हणाला, बाई, मी तुमच्या भावाच्या आवाजात प्राचार्यांना फोन लावतो, मला फक्त ते खोकतात कसे तेवढं सांगा. मी त्याला झापलं. झापायच्या आधी अंमळ विचार केला, हे तुमाला म्हणून सांगते. तर दादा, शनिवारी दहापर्यंत तुमी भोरला यायचं. एसटी चुकवू नका.

ता. क. दोन. आल्यावर कुणीतरी सांगणारच, म्हणून आधीच सांगते. पहिल्या दिवशी, मोबाईल बंद ठेवा, हे वाक्य भिंतीवर असताना वर्गात एकच मोबाईल वाजला, तो माझा. तुमीच केला होता फोन, म्हैस गाभण आहे सांगायला. तसंच, पहिली चाचणी झाली. गोरखला वीसपैकी पंधरा, शिवानीला सतरा, मला साडेसहा. मागणीचा नियम मला सम्राटकडून कळला न्हाई, लाडू खाताना शिवानीनं सांगितला, तवा कळला. तिला पत्र देताना हे पान मी मुद्दाम आत दुमडलंय, उगाच शेफारायला नको. पत्र द्यायला शिवानीसंगट गोरखही आला, तर दोघांना चहा द्या.

ता. क. तीन. तुमी विचाराल, पालक म्हणून मीच का? तर ऐका. त्याच खिडकीवर तुमी एकदा आला होता. मी अकरावीत, वर्गात बसून बावीस दिवस झालेले. आप्पा गेलेले, तुमचं वय वीस-बावीस, मला स्थळ आलेलं. क्लार्कनं विचारलं, पालक कोण? तुमी म्हणालात, मीच. शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या अर्जावर सही केलीत आणि बाहेर टेम्पो थांबलाय म्हणून मला चल म्हणालात. शाळा सोडण्याचं कारण, ह्या रकान्यात काय लिहिलंय ते तुमी बघितलं न्हाई. क्लार्कनं लिहिलं होतं, मुलीला शिक्षणाची आवड नाही. मी बघितलं होतं, दादा. मला त्याचा राग आला होता आणि अजून आहे. म्हणून शनिवारी नवरा नको, मुलगा नको, तुमीच या. गूळ, शेंगा, काही आणू नका. चष्मा तेवढा आणा. ह्या वेळचा कागद वाचून सही करा.